उसने कान

प्रिय मित्रा,

रात्री दीड वाजता टाकलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा गाळताना वाचला. '७२ सीझन्स तीनदा ऐकला, काका. नाही आवडला. माझंच काही चुकतंय का?' मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा आल्बम आवडला नाही म्हणून पोरगं दीडपर्यंत जागं राहतं, याचं आधी हसू आलं, मग बरं वाटलं. शेवटच्या चार शब्दांशी आलो आणि डोकं फिरलं. चुकतंय ते तेवढंच.

मेटॅलिका काय चीज आहे हे मी तुला सांगत बसणार नाही. तुझ्या खोलीतलं पोस्टर मी पाहिलंय. मुद्दा असा, की तुझ्या ग्रुपमधल्या अर्ध्यांनी 'मास्टरपीस' म्हटलं, उरलेल्यांनी 'म्हातारे झाले, आता पुरे' म्हटलं, आणि तू मधे उभा राहून कुणाचे कान उसने आणावेत याचा हिशेब करतोयस. उसने कान आणू नकोस. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलास तरी.

मी आणलेत, म्हणून सांगतोय.

२००३ च्या जूनमध्ये 'सेंट अँगर' आला. 'रीलोड'नंतर जवळजवळ सहा वर्षं आम्ही नव्या गाण्यांच्या आल्बमची वाट बघत होतो. मधल्या काळात बेस गिटारवाला जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेला होता, गायक हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी जाऊन आला होता. आल्बममध्ये बेस वाजवला तो निर्माता बॉब रॉकनं. गिटारचा एकही सोलो नाही. आणि तो स्नेअर ड्रम! ड्रमर लार्सनं स्नेअरच्या खालच्या तारा ढिल्या सोडून रेकॉर्डिंग केलं होतं. त्या तारा सुटल्या की 'छर्र' जातं आणि मागे उरतो घुमणारा डबा. आख्खं जग त्यावर हसत होतं. मीही हसलो. तेव्हा माझं ऐकून किती झालं होतं माहितीये? दीड गाणं.

आमच्या बँडच्या ड्रमरला तो आवाज आवडला होता. ताशावर वाढलेला पोरगा. तो म्हणाला, 'या माणसाला राग आलाय आणि हाताला लागेल ते वाजवतोय, मला ऐकू येतंय ते.' मी चार लोकांत त्याला म्हणालो, 'पत्र्याचा डबा आवडतो तुला, जा पाणी भर.' सगळे हसले. त्यानं नंतर प्रॅक्टिसला येणं कमी केलं, मग बंदच केलं. आता तो मस्कतला असतो. मी 'सेंट अँगर' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला तो थेट २०१२ साली, रात्रीच्या बसमध्ये. आल्बम फार लांबलाय, अर्धा तास सहज कापता आला असता, हे माझं आजही मत आहे. पण स्नेअरबद्दल त्याचं बरोबर होतं. म्हणजे मी अगदीच चूक होतो असंही नाही, लांबण हा दोष होताच. पण तो दोष मी ऐकलाच नव्हता रे. मी फक्त इतरांचं हसू ऐकलं होतं.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे आणि जास्त लाजिरवाणी. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. गणपती उठून आठवडा झाला असेल. मी तेव्हा एका स्टुडिओत हाताखाली काम करत होतो, म्हणजे आवाजाचंच खात होतो. घरी सीडी लावली. भाचा आला होता, आठवीतला. दोन मिनिटांनी म्हणाला, 'मामा, तुझा स्पीकर फाटलाय.' स्पीकर ठणठणीत होता. फाटला होता तो आल्बम. आवाज इतका दाबून वर चढवला होता की ठोका आणि त्याच्या मागची शांतता यांत फरकच उरला नव्हता. फाइल कॉम्प्युटरवर उघडलीस तर आवाजाच्या आलेखात डोंगररांग दिसायला हवी. तिथे रचलेल्या विटा दिसतात, वरून तासलेल्या. त्याच सुमारास तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये आली होती, तिथे ती मोकळी, श्वास घेणारी वाटत होती. चाहत्यांनी दोन्हींची तुलना करून बोंब मारली, पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सननंही सांगितलं, की त्याच्याकडे आलेले मिक्सच आधीपासून तसे ठेचलेले होते.

आणि मी? मी लोकांना सांगत होतो, 'जबरदस्त! जुनी मेटॅलिका परत आली!' कारण मला ती परत यायला हवी होती. इथे उसने कान दुसऱ्या कुणाचे नव्हते, माझ्याच सोळाव्या वर्षाचे होते. ते सगळ्यात वाईट. आठवीतल्या पोराला जे ऐकू आलं ते मला, पगार घेणाऱ्या माणसाला, ऐकू आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. मी बोललो नाही.

म्हणून पुढे हट्टी झालो. एका गायकाला हेडफोन काढून सांगितलं, की वरचा सूर लागत नाहीये, उद्या करू. ते काम गेलं, त्यानंतरची दोनही गेली. घरचे म्हणाले, तोंड आवरलं असतंस तर? आवरलं असतं तर भाड्याची चिंता मिटली असती, हे खरंय. पण सूर लागत नव्हता.

असो. तुझ्याकडे येतो. '७२ सीझन्स' म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं, वर्षाला चार ऋतू धरून. (आपल्याकडे सहा ऋतू, म्हणजे तुझे १०८ झाले. माळ पुरी झाली म्हण.) साठीला टेकलेली माणसं आपल्या पोरवयाकडे वळून बघतायत आणि तू ते वय जेमतेम ओलांडलायस. तुला ते लागू नाही पडलं तर त्यात नवल काय? आणि लांबीचं म्हणशील तर हा रोग जुना आहे. 'मास्टर ऑफ पपेट्स' आठ गाण्यांत, पंचावन्न मिनिटांच्या आत संपतो. १९९६ च्या 'लोड'पासून त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा एकही स्टुडिओ आल्बम सत्तर मिनिटांच्या आत संपलेला नाही. हा सत्त्याहत्तर मिनिटांचा आहे. एलपीची, म्हणजे जुन्या तबकडीची, बाजू वीस-पंचवीस मिनिटांत भरायची, म्हणून गाणी गाळावी लागायची. सीडीनं जागा दिली आणि कात्री गेली. तेव्हा कंटाळा आला असेल तर तो पाप नव्हे.

पण नेमका कुठे आला, ते मला सांग. तू लिहिलंस 'एकूणच दम नाही'. हे वाक्य तुझं नाही, ग्रुपवरचं आहे. 'एकूणच', 'ओव्हरऑल', 'पूर्वीसारखं नाही' ही उसन्या कानांची भाषा. स्वतःच्या कानाला जागा माहीत असते: अमुक गाणं, चौथं मिनिट, गिटारचा तोच रिफ तिसऱ्यांदा आला आणि माझा हात फोनकडे गेला. किंवा, गिटारवाल्या कर्कनं पुन्हा आवाज 'वा-वा' करणाऱ्या वा-पेडलवर पाय ठेवला आणि पुढचा सोलो मला आधीच पाठ होता. असं लिही. मग तू मेटॅलिकाला शिव्या घातल्यास तरी मी तुझ्या बाजूनं उभा राहीन.

आणि मोठ्या माणसांचे कानसुद्धा आणू नकोस. २०११ च्या ३० ऑक्टोबरला मेटॅलिका बेंगळुरूला वाजवून गेली आणि दुसऱ्याच दिवशी रॉक गायक लू रीडबरोबरचा 'लुलू' बाजारात आला. त्याच्याइतका त्यांचा कुठलाच आल्बम धुतला गेला नसेल. पुढे लू रीडची बायको लॉरी अँडरसननं सांगितलं, की थोर गायक डेव्हिड बोवीच्या मते ते लू रीडचं सर्वोत्तम काम होतं. हे वाचून मी 'लुलू' पुन्हा लावला, बोवीचे कान डोक्यावर चढवून. दोनदा. नाही आवडला. बोवी मोठाच, पण हेडफोन मी घातले होते.

जो आल्बम सगळे पूजतात तो 'अँड जस्टिस फॉर ऑल' एकदा फक्त बेस शोधत ऐक. सापडला तर मला फोन कर.

मस्कतवाल्यासाठी एक मेसेज लिहून ठेवलाय. चार ओळींचाच आहे. पाठवीन.

रविवारी अकराला ये. हेडफोन तुझे आण, माझ्या डाव्या बाजूची वायर गेलीये. फोन बाहेर चपलांपाशी ठेवायचा. पहिल्यापासून ऐकू, मधे कुणी बोलायचं नाही, कागदावर फक्त मिनिटं लिहायची, आणि एकमेकांचे कागद शेवटी बघायचे. अकरा मिनिटांचं 'इनामोराटा' अगदी शेवटी आहे, तोवर कंटाळून उठू नकोस. मधे सगळं थांबून नुसता बेस उरतो ना, तिथे मला दर वेळी

नको. खोडून टाकतो हे. म्हणजे, खोडलंय असं समज.

तुझा,
काका