१४ई४:४३६५ आणि दहा सेकंदांची निळी स्क्रीन

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो ड्रायव्हर बसलाय, तरी वायफायचं चिन्ह येत नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मदरबोर्ड बदला. तुमचं हे वाचून हसूही आलं आणि चिडचिडही झाली, कारण नेमकं हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं गेलंय. बोर्ड बदलू नका. तुम्ही दिलेल्या एलएसपीसीआयच्या (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) यादीत १४ई४:४३६५ आहे, म्हणजे ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२ हे वायफाय कार्ड. कार्ड पार मेलेलं असतं तर सहसा यादीत आलंच नसतं.

इंटरनेटसाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि बी४३ (ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचा खुला ड्रायव्हर) फर्मवेअर टाका सांगणारे जुने लेख बंद करा. बी४३ ही चिप चालवतच नाही. हिला ब्रॉडकॉमचा बंदिस्त डब्ल्यूएल ड्रायव्हर लागतो, म्हणजे ड्रायव्हर मॅनेजरमधलं बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स. ते तुम्ही टाकलंय. मग अडलंय कुठे?

माझा अंदाज, आणि मशीन समोर नसताना हा अंदाजच आहे: सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी सोय, चालू आहे. टर्मिनलमध्ये 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' करून बघा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर खूण पटली. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो, त्यावर सही तुमच्याच मशीनच्या किल्लीची असते, आणि ती किल्ली मान्य असल्याचं सिक्युअर बूटला अजून कुणी सांगितलेलंच नाही. पॅकेज टाकताना एक पासवर्ड विचारला होता, आठवतंय? तो याचसाठी. पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, दहा सेकंद थांबते, आणि तेवढ्यात कुठलीही कळ दाबली नाही तर गपचूप पुढे निघून जाते. लोक तेव्हा चहा आणायला उठलेले असतात. किंवा घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. हीच ती चूक, आमचे सगळ्यात जास्त दिवस हिनेच खाल्ले. एरर पडद्यावर येत नाही, ड्रायव्हर 'इन्स्टॉल्ड' दिसतो, आणि माणूस तेच पॅकेज चार-चार वेळा काढून घालत बसतो.

ती स्क्रीन परत आणायला 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' चालवा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. साधे आकडे ठेवा, कारण तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि टाइप केलेलं दिसत नाही. रीबूट, लगेच एखादी कळ, मग 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. सिक्युअर बूट सरळ बंद करूनही भागतं. पण शेजारी विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर नवीन दुखणं.

मॉडप्रोबने 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हटलं तर प्रकरण वेगळं. 'डीकेएमएस स्टेटस' बघा (ड्रायव्हर मशीनवर तयार झाला का ते कळतं), बहुधा चालू कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फायली) नसतात आणि मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, बनलेलंच नसतं. या ड्रायव्हरची ब्रॉडकॉमकडची शेवटची आवृत्ती २०१५ची. त्यानंतर डिस्ट्रोवाले (मिंटसारखी लिनक्स बनवणारे) ठिगळं लावून चालवतायत. म्हणून या लॅपटॉपवर नव्या कर्नलची हौस करू नका. जुना कर्नल काढून टाकू नका, मोडलं तर ग्रबच्या (बूटच्या वेळचा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तोच वाचवतो.

वायफाय आल्यावर राउटरचं पाच गिगाहर्ट्झवालं नाव दिसणार नाही. शोधत बसू नका, हे कार्ड फक्त २.४वर चालतं. आपल्या बिल्डिंगांमध्ये एका मजल्यावर दहा-पंधरा राउटर, तेव्हा वेग यथातथाच. राउटरमध्ये चॅनेल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ पक्का करा. १२-१३वर गेलेलं नेटवर्क काही कार्डांना दिसतच नाही.

खरं सांगू? माझ्या मते कार्डच बदलावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी इंटेलची ७२६० मिळते (रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली). मागचं झाकण उघडून कार्डाचा फोटो घेऊन जा, कारण ७२६० हाफ मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि एम.२ अशा दोन्ही आकारांत येते आणि अँटेनाची टोकंही वेगळी असतात, एम.२ची बारीक. ओढाताण केली की टोक तुटतं. काही कंपन्यांचे जुने बायोस परकं कार्ड दिसलं की बूटच होत नाहीत, म्हणून परत घ्यायचं दुकानदाराकडून आधी कबूल करून घ्या. तुमच्यात अँटेनाची वायर एकच निघाली तर ती १ नंबरच्या टोकाला लावा. वेग कमी मिळेल, पण चालेल. आणि नव्या लॅपटॉपसाठी कुणी इंटेलचं एएक्स२०१ कार्ड गळ्यात मारत असेल तर थांबा: त्याचा अर्धा भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटांच्या आत असतो, एएमडीच्या प्रोसेसरवर ते चालत नाही. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० मागा.