वाचकांचे प्रश्न : काचेवरून सुटणारा सेक्शन

प्रश्न : मी सांगलीतील एका निदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या दोन रंगांच्या स्टेनसाठी आम्ही आजही स्लाइडवर अंड्यातील पांढरा भाग आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणाचे बोट फिरवतो आणि सेक्शन, म्हणजे पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचा अतिशय पातळ काप, क्वचितच सुटतो. अलीकडे एका संशोधन गटाला ऊतीतल्या ऊतीतच आरएनएच्या अक्षरांचा क्रम वाचण्याच्या प्रयोगासाठी सेक्शन दिले, तेव्हा चारपैकी दोन धुताना उचलले गेले. त्यांनी ‘पॉलिलायसिन किंवा सिलेन लावलेल्या स्लाइड्स वापरा’ एवढेच कळवले. हे काय असते, आणि ते आम्हाला आमच्याकडेच तयार करता येईल का?

उत्तर : अंड्याचे मिश्रण वाईट नाही; त्याच्याकडून मागितले जाणारे काम बदलले आहे. साध्या स्टेनमध्ये सेक्शनला झायलीन, अल्कोहोल, पाणी आणि रंग यांतून एकदाच जावे लागते. ऊतीतच क्रम वाचण्याची पद्धत स्टॉकहोममधील मॅट्स निल्सन यांच्या गटाने 2013 साली मांडली. तिच्यात प्रत्येक अक्षरासाठी अभिक्रियाद्रव्य घालणे, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घेणे आणि धुणे असा पूर्ण फेरा करावा लागतो. त्याच्याही आधी ऊती प्रथिने तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) सैल करतात आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली असेल तर उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातून काढतात. वाचायचे ठिपके जेमतेम मायक्रॉनभर असतात आणि पहिल्या फेरीतला ठिपका चौथ्या फेरीतल्या त्याच ठिपक्यावर बसला तरच अक्षरे जुळतात. त्यामुळे सेक्शन पूर्ण सुटला नाही, नुसती त्याची कड उचलली गेली, तरी तेवढ्या भागाचे वाचन वाया जाते.

आता काचेकडे वळू. पाण्यात बुडालेल्या स्वच्छ काचेचा पृष्ठभाग ऋणप्रभारित असतो आणि ऊतीतील बहुतेक प्रथिनांवरही एकूण ऋणप्रभारच असतो, म्हणजे दोघे एकमेकांना दूर ढकलतात. पॉलिलायसिन ही लायसिन या अमिनो आम्लाची लांब साखळी असून तिच्या प्रत्येक दुव्यावर धनप्रभारित अमिनो गट असतो. तिचा थर एका बाजूने काचेला आणि दुसऱ्या बाजूने ऊतीला खेचून धरतो. मात्र ही साखळी काचेवर केवळ प्रभाराच्या ओढीने बसलेली असते. शिवाय ‘एल’ प्रकारचे पॉलिलायसिन हे विकरांच्या दृष्टीने प्रथिनासारखेच असते. ट्रिप्सिन हे विकर तर नेमके लायसिनपाशीच तोडते. ऊती सैल करण्यासाठी घातलेले विकर खालचा डिंकही खाऊ शकते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ‘एल’ची आरशातली प्रतिमा असलेली ‘डी’ प्रकारची साखळी ही विकरे तोडू शकत नाहीत.

सिलेनची गोष्ट वेगळी आहे. ॲमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसिलेनचे एक टोक काचेशी खरा रासायनिक बंध जोडते आणि दुसऱ्या टोकाचा अमिनो गट वर राहतो, म्हणून उष्णता आणि वारंवार धुणे यांना हा थर अधिक पुरा पडतो. तुमच्या कामासाठी मी सिलेनच निवडेन.

दोन्ही थर तुमच्याकडे तयार करता येतात. पॉलिलायसिनचे 0.1 टक्के द्रावण दहापट पातळ करून त्यात स्लाइड्स 5 मिनिटे बुडवतात आणि निथळून 60 अंश सेल्सिअसला तासभर वाळवतात. सिलेनचे 2 टक्के द्रावण कोरड्या ॲसिटोनमध्ये त्याच दिवशी करावे लागते. स्लाइड्स त्यात थोडा वेळ बुडवून आधी ॲसिटोनने, मग पाण्याने धुतात आणि वाळवतात. सिलेन त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते आणि ॲसिटोन चटकन पेट घेते, त्यामुळे हे काम वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच करावे. तुमच्याकडे तो नसेल तर तयार स्लाइड्स विकत घेणे शहाणपणाचे. आणि काच आधी खरोखर स्वच्छ हवी. धुळीवर मारलेला रंग जसा पोपडे धरून निघतो, तसा तेलकट काचेवरचा थर निघतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब सपाट पसरतो; तो मण्यासारखा उभा राहिला तर ती स्लाइड बाजूला ठेवावी.

एवढे सांगूनही माझा अनुभव असा की, सुटलेल्या सेक्शनचा दोष कोटिंगपेक्षा वाळवण्याकडे अधिक वेळा जातो. वॉटर बाथमधून (सेक्शन तरंगवून पसरवण्याच्या कोमट पाण्याच्या भांड्यातून) सेक्शन उचलल्यावर स्लाइड तिरपी धरून प्रकाशात पाहा: सेक्शनखाली पाणी अडकले असेल तर तेवढा भाग किंचित फुगलेला आणि चमकणारा दिसतो. अशी स्लाइड आडवी ठेवून लगेच ओव्हनमध्ये घातली की पॅराफिन वितळते, पण ऊती आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो आणि त्या जागी कोटिंगचा स्पर्शच होत नाही. स्लाइड अर्धा तास उभी निथळू द्यावी, मगच ओव्हनमध्ये ठेवावी. जुन्या सवयीने बाथच्या पाण्यात जिलेटिन घालत असाल तर तेही थांबवा. ते धनप्रभारित थरावर जाऊन बसते आणि ऊतीची जागा अडवते. हाडाचे आणि चरबीचे सेक्शन इतके करूनही हट्टीपणा करतातच.

प्रश्न : मी पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. कोटिंग केलेल्या स्लाइड्सवर माझे सेक्शन उत्तम टिकतात, पण ऊती नसलेल्या मोकळ्या काचेवरही चमकणारे ठिपके दिसतात. प्रोब (हवा तो आरएनए शोधून त्याला चिकटणारा न्यूक्लिइक आम्लाचा तुकडा) अशुद्ध असेल का?

उत्तर : प्रोबवर संशय घेण्याआधी थराकडे पाहा. डीएनए आणि आरएनए यांच्या कण्यातील फॉस्फेट ऋणप्रभारित असतात, त्यामुळे ऊतीला धरून ठेवणारा अमिनो गट तुमच्या प्रोबलाही तितक्याच आवडीने धरतो. मोकळ्या काचेवर ठिपके सर्वत्र विखुरलेले असतील आणि कोटिंग नसलेल्या स्लाइडवर तोच प्रोब घालून ते दिसत नसतील, तर कारण हेच समजावे. प्रोबच्या आधी यीस्टच्या टी-आरएनएसारखा निरुपद्रवी न्यूक्लिइक आम्लाचा साठा घालून रिकाम्या जागा भरून टाकणे, हा एक उपाय आहे. दुसरा उपाय इन सिटू हायब्रिडायझेशन (ऊतीतच प्रोब चिकटवून आरएनए किंवा डीएनए शोधणे) करणाऱ्यांच्या जुन्या परिचयाचा आहे: ट्रायइथॅनॉलअमाइनच्या द्रावणात ॲसेटिक ॲनहायड्राइड घालून त्यात स्लाइड ठेवल्यास मोकळे अमिनो गट झाकले जातात आणि त्यांचा धनप्रभार जातो. ॲनहायड्राइड पाण्यात फार वेळ टिकत नाही, म्हणून ते स्लाइड बुडवण्याच्या क्षणीच घालून ढवळावे; आणि ही पायरी सेक्शन पूर्ण वाळून काचेला बसल्यानंतरच करावी, कारण आधी केली तर ऊतीला धरायला थरात काही उरतच नाही.