रुंद टायर की अरुंद? आधी तळ आहे का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी फोर बाय फोर, रिम १६ इंची, जुने टायर झिजलेत. आता २३५/८५ आर१६ घ्यावेत की २६५/७५ आर१६? (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची.) रोजचा डांबरी रस्ता, सुट्टीला चिखलाच्या वाटा, ओढे, दगडगोटे, आणि वर्षातून एखाद्या वेळी वाळू. मित्र म्हणतात रुंदच घे, ग्रिप जास्त.

मी दोन्ही मापं वापरली आहेत. आधी रुंद, आता अरुंद. तुम्ही सांगितलेल्या वापराला मी २३५ घेईन. पण "अरुंद चांगला" एवढंच डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका, कारण काही जमिनींवर तो साफ चुकीचा ठरतो.

ही दोन मापं एकमेकांसमोर ठेवली जातात त्याला कारण आहे. २३५ चे ८५ टक्के म्हणजे साइडवॉल जवळपास २०० मिमी. २६५ चे ७५ टक्के काढा, तेही जवळपास १९९ मिमी. रिम धरून पहिल्याची उंची ८०६ मिमी, दुसऱ्याची ८०४. गाडी तेवढीच उचलली जाते, स्पीडोमीटर तेच दाखवतो, गिअरिंगही बदलत नाही. फरक फक्त ३० मिमी रुंदीचा.

आता तो "ग्रिप जास्त"चा समज. टायर जमिनीला किती जागेत टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचं ओझं आणि आतला हवेचा दाब. एका चाकावर ६०० किलो आणि हवा ३५ पीएसआय असेल, तर टेकणारी जागा साधारण २४५ चौरस सेंटिमीटर येते, मग टायर कुठलाही असो. साइडवॉलचा ताठरपणा थोडं ओझं स्वतः पेलतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा जरा इकडेतिकडे होतो, पण हिशेब हाच. बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंदाचा चिंचोळा आणि लांब. हवा १८ पीएसआयवर आणली की हीच जागा जवळपास दुप्पट होते, आणि ती वाढते मुख्यतः लांबीत. म्हणजे ३० मिमी रुंदीसाठी जो खल चाललाय, त्याच्या कितीतरी पट फरक व्हॉल्व्हची पिन दाबून पडतो, तोही फुकट.

हे मी वाळूत शिकलो. तेव्हा नवेकोरे २६५ होते, आणि टायर रुंद आहेत तर हवा काढायची काय गरज, अशी माझी समजूत होती. पन्नास पावलांत गाडी ॲक्सलपर्यंत रुतली. मी फावडं चालवत असताना मागून एकजण अरुंद टायरवर, हवा पार खाली आणून, सावकाश शेजारून निघून गेला. त्यानं थांबून मदत केली, पण माझ्या टायरांकडे बघून जे हसू दाबलं ते मला दिसलं.

त्या दिवशी तो का निघाला? वाळूत चाकाला बुडण्याबरोबर आणखी एक त्रास असतो: पुढची वाळू ढकलत जावं लागतं. जेवढी रुंदी जास्त तेवढी ती रास मोठी. लांब, चिंचोळा ठसा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा काम करतो, पुढचा भाग वाळू दाबतो आणि मागचा त्या दाबलेल्या वाळूवरून जातो.

पण रुंद टायरची खरी ताकदही इथेच आहे, आणि त्याचे भक्त नेमकी तीच सांगत नाहीत. उंची सारखी असली की रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून तेच ओझं तो कमी दाबावर पेलतो. लोड रेंज ई मध्ये (जास्त भार पेलणाऱ्या टायरांचा वर्ग) २३५/८५ वर सहसा १२० हा भार निर्देशांक दिसतो, म्हणजे एका टायरला १४०० किलो. २६५/७५ वर १२३, म्हणजे १५५० किलो. तेव्हा "अरुंद टायर जास्त वजन घेतो" हे जे ऐकू येतं ते या जोडीपुरतं तरी उलटं आहे. गाडी कायम भरलेली आणि जमीन कायम मऊ असेल, तर रुंद टायर घेऊन हवा आणखी खाली नेता येते. हवा न काढता मात्र तो फायदा मिळत नाही.

आता चिखल, कारण तुमचा जास्त वेळ तिथेच जाणार. इथे मी एकच प्रश्न विचारतो: याला तळ आहे का? वर चार बोटं राड आणि खाली मुरूम किंवा खडी असेल, तर अरुंद टायर ती राड कापून खालच्या कठीण जमिनीला भिडतो. तेवढंच ओझं कमी रुंदीवर येतं, म्हणून तो बाजूला चिखल सारत खाली जातो. रुंद टायर त्याच राडीवर तरंगतो, आणि निसरड्यावर तरंगणं म्हणजे घसरणं. दलदल असेल, काठी खुपसली तर खाली काहीच लागत नसेल, तर गोष्ट उलटी. तिथे बुडायचंच नसतं, तिथे रुंद टायर आणि कमी हवा. (आणि खरं सांगायचं तर तिथे परत फिरणं.)

बर्फातही हाच नियम दिसतो. स्वीडनच्या बर्फावरच्या रॅलीत गाड्यांना खिळे लावलेले, अगदी अरुंद टायर असतात, कारण खाली कठीण थर आहे आणि खिळ्यांना तो गाठायचा असतो. त्याच गाड्या डांबरावर धावतात तेव्हा टायर रुंद. उलट आइसलँडच्या हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना ३८ ते ४४ इंच उंचीचे जाडजूड टायर लावतात आणि हवा तीन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. तिथल्या बर्फाला चाकाच्या आवाक्यातला तळच नाही.

चाकोरी हा शब्द आपण आता बहुतेक लाक्षणिक अर्थानंच वापरतो, पण या वाटांवर ती खरीखुरी असते. खोल चाकोरीत अरुंद टायर नीट बसतो. रुंद टायरची साइडवॉल दोन्ही काठांना घासत जाते, आणि त्या काठात एखादा धारदार दगड असेल तर ट्रेड (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) शाबूत राहून टायर कुशीत फाटतो. तिथली चीर पंक्चरवाल्याला धड जोडता येत नाही. दगडगोट्यांवर मात्र रुंद टायरला गुण द्यायला हवेत. मोठ्या खडकावर आडवं जाताना तो जास्त स्थिर वाटतो, आणि हवा कमी केली की दगडाला छान कवटाळतो.

डांबरी रस्त्याचं लवकर आटपतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर अरुंद टायर पाणी लवकर कापतो, उचलला जाण्याचा धोका कमी. स्टिअरिंग हलकं, इंधन थोडं कमी. कोरड्या रस्त्यावर वळणात रुंद टायर जास्त पक्का वाटतो, हे मान्य.

अरुंद टायर म्हणजे काहीतरी कमी प्रतीचं असं वाटत असेल तर एवढं सांगतो, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ मापाचे होते, रुंदी जेमतेम सहा इंच. त्याच युद्धातल्या 'डक' या जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या अमेरिकी ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करता यायची. रुंदीपेक्षा हवेवर भर देण्याची युक्ती तेव्हापासूनची आहे.

घ्यायच्या आधी काही गोष्टी तपासा. रिमची रुंदी त्या मापाला चालते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. गाडीच्या कागदपत्रांप्रमाणे ते माप चालतं का तेही बघा. २६५ च घ्यायचं ठरवलंत तर चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, आणि एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा पाहा. माझे रुंद टायर सपाट जमिनीवर कुठेच लागत नव्हते, पण सस्पेन्शन दबलं की आतल्या मडगार्डला घासायचे. मग लोक बाहेर निघणारी रिम लावतात. घासणं थांबतं, पण स्टिअरिंगला हिसके बसतात आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या. वेगळ्या घेराचं एक चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह कठीण जमिनीवर चालवलीत, तर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि मार ट्रान्सफर केसला, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणाऱ्या गिअरपेटीला, बसतो.

आणि टायरांच्या बजेटमधूनच एक चांगला कॉम्प्रेसर आणि दाब मोजायचा गेज घ्या. हवा काढायला दोन मिनिटं लागतात. लोक ती काढत नाहीत कारण परत भरायची सोय जवळ नसते. चिखलात आणि गोट्यांवर मी साधारण २० ते २२ ला येतो, वाळूत १५ ते १८. त्याखाली बीडलॉक (टायरची कड रिमला घट्ट धरून ठेवणारी कडी) नसलेल्या रिमवर जपून, वेगात चाक वळवलं तर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर परत येताच, पहिल्या किलोमीटरच्या आत, हवा पूर्ववत करा. कमी हवेवर वेगानं पळवलेला टायर तापतो आणि फुटतो, मग तो २३५ असो की २६५.