युद्धाचे फोटो काढायला जायचं तर कोणता कॅमेरा घ्यावा?

कॅमेऱ्याचं लगेच उरकतो. एकाच मॉडेलच्या दोन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, एकीवर ३५ मिमीची लेन्स आणि दुसरीवर लांबचं टिपणारी ७०-२०० मिमीची झूम लेन्स. धुळीत लेन्स बदलायची वेळ येत नाही आणि एक बंद पडली तरी काम अडत नाही. मेमरी कार्ड कॅमेऱ्याच्या दोन्ही स्लॉटमध्ये टाका.

पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणावर घाला. २० एप्रिल २०११ ला लिबियातल्या मिसराता शहरात उखळी तोफेच्या माऱ्यात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रोस हे दोन नावाजलेले फोटोग्राफर गेले. हेदरिंग्टनचा जीव रक्तस्रावाने गेला.

टूर्निके म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवायला आवळायचा, पिळायची दांडी असलेला पट्टा. तो जखमेपासून ५ ते ७ सेंमी हृदयाच्या बाजूला बांधायचा, सांध्यावर कधीच नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथे: पट्टा ढिला ठेवून नुसती दांडी पिळत बसतात. आधी पट्टा जोर लावून ओढा, मग रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवा. प्रचंड दुखतं, तरी सैल करायचा नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. टूर्निके जवळ दोन असू द्या, दोन्हीपैकी कुठलाही हात पोहोचेल अशा जागी; बॅगेच्या तळाशी असलेला काही कामाचा नाही. स्वस्तातल्या नकली टूर्निकेची दांडी ऐन वेळी मोडते.

बुलेटप्रूफ जॅकेटचं मऊ अस्तर पिस्तुलाची गोळी आणि बरेचसे छर्रे अडवतं. रायफलीसाठी वेगळी प्लेट लागते. सिरॅमिक प्लेट आपटली तर आतून तडकू शकते, वरून पत्ताही लागत नाही. प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खाचेपाशी यायला हवी. खाली सरकली की पोट झाकलं जातं आणि छातीचा वरचा भाग उघडा पडतो. लष्करी रंगाचे कपडे नकोत. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा प्रोटोकॉलचं कलम ७९ पत्रकाराला नागरिक मानतं, पण लांबून बघणाऱ्या नेमबाजाला कलम दिसत नाही, कपडे दिसतात.

नेहमीच्या प्रवास विम्यातून युद्ध बहुधा वगळलेलं असतं. फ्रीलान्सर असाल तर जखमी झाल्यावर बाहेर काढायचा खर्च कोण करणार, हे निघण्याआधीच संपादकाकडून लेखी घ्या. ‘बघू’ म्हणाले तर जाऊ नका.

फोटोत भर घालणं, काही पुसणं, दोन फ्रेम जोडणं म्हणजे करिअर संपलं समजा. २००३ मध्ये ब्रायन वाल्स्कीने बसराजवळचे दोन फोटो जोडून एक केला आणि लॉस एंजेलिस टाइम्समधली नोकरी गमावली.

फिक्सर, म्हणजे स्थानिक वाटाड्या-दुभाषा, याचे पैसे ठरलेल्या दिवशी द्या. ‘या रस्त्याने नको’ म्हणाला की वाद न घालता गाडी वळवा. तुम्ही परत गेल्यावर त्याला तिथेच राहायचं असतं, म्हणून त्याचं नाव, चेहरा, गाडीचा नंबर कुठल्याही फोटोत किंवा कॅप्शनमध्ये येऊ देऊ नका. फाइलमधलं जीपीएस लोकेशनही पाठवण्याआधी काढून टाका.