‘सँग्विन’ म्हणजे आशावादी, मग ‘सँग्विनरी’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: “अवघड इंग्रजी शब्दांची यादी पाठ करतोय. त्यात ‘सँग्विन’ म्हणजे आशावादी असं होतं. परवा एका उताऱ्यात ‘सँग्विनरी बॅटल’ आलं. मी ‘आशादायक लढाई’ असा अर्थ लावला आणि तोंडघशी पडलो. शब्द इतके सारखे, मग अर्थ इतके लांब कसे?”

लांब दिसतात, पण घराणं एकच. दोघांच्याही पोटात रक्त आहे. लॅटिनमध्ये ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. त्यामुळे ‘सँग्विनरी’चा अर्थ सरळ लागतो: लढाई असेल तर रक्तरंजित, माणूस असेल तर रक्तपिपासू. ‘कॉन्सँग्विनिटी’ म्हणजे आपलं रक्ताचं नातं. वाकडी वाट धरली ती ‘सँग्विन’नेच.

प्राचीन ग्रीक वैद्यकाच्या मते शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. इसवी सनाच्या 2ऱ्या शतकात गेलेन या वैद्याने ही मांडणी अशी पक्की केली, की युरोपात ती हजाराहून अधिक वर्षं चालली. ज्याच्यात रक्ताचा जोर, तो लालबुंद गालांचा, हसतमुख, हिमतीचा. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा आधी रक्तासारखा लाल रंग आणि ही रक्तप्रधान प्रकृती, एवढंच सांगत होता. ‘होईल सगळं नीट’ असं धरून चालणारा, हा अर्थ त्यातून निघाला. पुढे ते वैद्यक मोडीत निघालं, शब्द मात्र राहिला. (चित्रकारांच्या तांबड्या खडूलाही सँग्विन म्हणतात. तिथे आशेचा काही संबंध नाही.)

उरलेले तीन द्रवही तुमच्या यादीत कुठेतरी असणारच. ‘कोलेरिक’ म्हणजे शीघ्रकोपी. ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त. आपणही ‘त्याचं पित्त खवळलं’ म्हणतोच की! आयुर्वेदाचे त्रिदोष आणि हे चार द्रव एकच समजू नका, पण लक्षात ठेवायला हा वाक्प्रचार फार कामाचा. काळं पित्त म्हणजे ‘मेलँकली’, खिन्नता. कफवाला तो ‘फ्लेग्मॅटिक’. याचा अर्थ याद्यांमध्ये ‘सुस्त’ असा दिलेला असतो, तो मला अपुरा वाटतो. आभाळ कोसळलं तरी ढिम्म न हलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. यात कौतुकही असू शकतं.

आता वापराचं. ‘आशावादी’ म्हटलं की आपल्याला कायमचा स्वभाव वाटतो. ‘सँग्विन’ मात्र बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दल येतो, मागे ‘अबाउट’ लागतो, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा नकारातच भेटतो: ‘आय ॲम नॉट सो सँग्विन अबाउट इट’, म्हणजे मला त्याची फारशी खात्री वाटत नाही. म्हणून वहीत ‘सँग्विन = आशावादी’ एवढंच न लिहिता असं एखादं अख्खं वाक्य उतरवा, आणि शेजारी ‘सँग्विनरी’ लिहून ठेवा. पुन्हा गल्लत व्हायची नाही.

याच घराण्यातला, फ्रेंचमधून आलेला एक शब्द पुढेमागे गाठेलच: ‘साँफ्र्वा’. शब्दशः ‘थंड रक्त’, पण अर्थ संकटात डोकं शांत ठेवणं. आणि इंग्रजीतच ‘इन कोल्ड ब्लड’ म्हणजे निर्दयपणे, ठरवून. पहिली शाबासकी आहे आणि दुसरा खुनाचा आरोप, तेव्हा तिथे जपून.