मैदानाच्या कडेने: कुमासीच्या कोटोकोबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या जुन्या फुटबॉल क्लबांविषयी लिहिताना घानाच्या ‘असांते कोटोको’चं नाव मी एका ओळीत घेतलं होतं. त्या ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळचं पान त्यालाच देतो. माझी नोकरी रेल्वेतली आणि संध्याकाळ नागपूर-कामठीच्या मैदानांवर शिटी घेऊन. कोटोको मला कळला तो आमच्या गल्लीत खोली करून राहणाऱ्या घानाच्या एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा कुमासीचा. गाव आणि क्लब त्याच्या बोलण्यात कधी वेगळे झालेच नाहीत. पुढे मी मिळेल तिथून वाचत गेलो.

काका, आमी पोट्टे मिळून सेव्हन्सची टीम काढून राह्यलो. नाव ‘कोटोको कामठी’ ठेवाव म्हनतो. पन त्यायच्या लोगोवर सायाळ हाय. वाघ-सिंह सोडून सायाळ काऊन जी?
(एक खेळाडू, इयत्ता दहावी, कामठी)

बेटा, ‘कोटोको’ म्हणजेच सायाळ. हे मुळात कुमासीच्या असांते राज्याच्या लढवय्यांचं चिन्ह. क्लबनं ते राज्याकडून घेतलं. सायाळीचे काटे गळाले तरी नवे येत राहतात, आणि क्लबचं ब्रीदही तसंच आहे: हजार मारा, आणखी हजार येतील. आपल्याकडे जंगलालगतच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार, सायाळीच्या वाटेला बिबट्याही जपून जातो.

आणि क्लबची सुरुवात तर तुझ्यासारख्यांनीच केली. १९२०च्या दशकात क्वासी कुमा नावाच्या एका तरुण ड्रायव्हरनं राजधानी अक्रामध्ये फुटबॉल पाहिला. आपल्या कुमासीतही संघ हवा, या ध्यासानं त्यानं पोरं जमवली. नावं बदलत गेली, पैसा नव्हता, पण संघ मोडू दिला नाही. १९३५ मध्ये असांते राजे दुसरे प्रेम्पे यांच्या परवानगीनं ‘कोटोको’ हे नाव मिळालं. त्याच वर्षी इंग्रजांनी असांतेहेने, म्हणजे असांत्यांचा राजा, हे पद पुन्हा मान्य केलं होतं. तिथे क्लबला हे नाव मिळणं आणि राज्याचा मान परत मिळणं एकाच वर्षातलं आहे, हे लक्षात ठेव.

नावाचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे. जर्सी लाल घ्या, सायाळही काढा, पण नाव कामठीचंच ठेवा. रब्बानीसारखा क्लब ज्या गावात आहे, त्या गावाला उसनं नाव कशाला?

राजा क्लबचा मालक, हे आजच्या काळात पटत नाही. घाना प्रजासत्ताक आहे ना?
(एक निवृत्त शिक्षक, महाल)

सर, आहे. घानात राष्ट्राध्यक्ष निवडून येतो, राज्यकारभार तोच करतो. असांतेहेनेंच्या हाती सरकार नाही, मान आहे. सध्याचे राजे ओतुमफुओ दुसरे ओसेइ तुतु १९९९ पासून गादीवर आहेत. क्लब चालवणारं मंडळ तेच नेमतात, आणि संघ हरू लागला की गाऱ्हाणं घेऊन लोक मान्हिया राजवाड्याकडेच पाहतात.

तुम्ही महालात, नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या वस्तीत राहता, म्हणून थोडं अधिक सांगतो. असांत्यांनी देंकिरा राज्याला हरवून स्वतःचं बळ उभं केलं ते १७०१ मध्ये. इकडे बख्त बुलंद शाहानं नागपूर वसवलं ते १७०२ मध्ये. १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावात गेलं. कुमासी इंग्रजांनी १८७४ मध्ये जाळली आणि राजवाड्यातलं सोनं नेलं. १८९६ मध्ये राजे पहिले प्रेम्पे यांना पकडून नेलं, पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नरनं असांत्यांचं पवित्र सुवर्णासन मागितलं. तेव्हा एजिसूची राजमाता या असांतेवा लढायला उभी राहिली. ती हरली, तिलाही सेशेल्सला धाडलं आणि तिथेच १९२१ मध्ये ती गेली. पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही.

२०२४ मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी त्या लुटीतल्या आणि इतर मिळून ३२ वस्तू मान्हियाच्या संग्रहालयाला दिल्या. दिल्या म्हणजे मुदतीच्या उसनवारीवर. ते वाचून मला फार राग आला होता. पहिल्या रघुजींची तलवार २०२५ मध्ये आपल्या सरकारला लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपये मोजून सोडवावी लागली, तेव्हाही तोच राग आला. ज्या गावाचं इतकं नेलं गेलं, त्या गावानं आपल्या राजाच्या आशीर्वादानं उभा केलेला क्लब जिवापाड जपावा, यात मला तरी काही मागासलेलं दिसत नाही.

माझा धाकटा भाऊ जिल्हा पातळीवर विंगर होता. रस्त्यावरच्या अपघातात कमरेखालचं गेलं. मित्र आधी यायचे, आता येत नाहीत. तो मॅचसुद्धा लावू देत नाही. खेळणं थांबलं की माणूस संपतो का हो?
(एक बहीण, अजनी)

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर म्हणून एका विंगरचीच गोष्ट सांगतो. ती भावाला वाचून दाखवा.

बाबा यारा १९३६ मध्ये कुमासीत जन्मला. आधी तो घोड्यांच्या शर्यतीत जॉकी होता. मग फुटबॉलकडे आला आणि कोटोकोच्या उजव्या बाजूनं असा धावू लागला की घानात त्याला विंगरांचा राजा म्हणू लागले. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्या नव्या देशाच्या संघाचा तो लाडका खेळाडू होता. पुढे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांच्या राजवटीत ‘रिअल रिपब्लिकन्स’ नावाचा संघ काढला गेला आणि निरनिराळ्या क्लबांचे चांगले खेळाडू त्यात ओढले गेले. यारालाही जावं लागलं. मार्च १९६३ मध्ये क्पांदूचा सामना खेळून परतताना संघाच्या बसला अपघात झाला. याराचा कणा मोडला. वय २६. उपचारांसाठी इंग्लंडला नेलं, पण पाय परत आले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस घानानं मायदेशी पहिल्यांदा आफ्रिका चषक जिंकला. काही सामने तर कुमासीतच झाले. यारा त्या संघात नव्हता. मे १९६९ मध्ये तो गेला, वय अवघं ३२.

आता कुमासीतलं मोठं स्टेडियम पाहा. १९५९ मध्ये बांधलेलं, सुमारे ४० हजार माणसं बसतील असं, २००८ च्या आफ्रिका चषकासाठी नव्यानं सजवलेलं. त्याचं नाव बाबा यारा स्टेडियम. कोटोकोचे घरचे सामने तिथेच होतात. मंत्र्याचं नाव दिलं नाही, राजाचंही नाही. शेवटची सहा वर्षं ज्याला उभं राहता आलं नाही आणि अपघाताच्या वेळी जो कोटोकोच्या जर्सीतही नव्हता, त्याचं नाव दिलं. माझ्या गल्लीतला तो विद्यार्थी याराच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी जन्मलेला, पण त्याच्याविषयी बोलताना मोठ्या भावाविषयी बोलावं तसं बोलायचा.

भावाला टीव्हीपुढे बसवू नका, मैदानावर न्या. घरात एकट्यानं मॅच पाहणं त्याला सोसत नसेल, ते मी समजू शकतो. मैदानावर काम असतं. विंगरला ऑफसाइड, धावण्याची वेळ, मागे येणाऱ्या बॅकची चाल डोळे मिटूनही कळते. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कडेला बसून हे सांगणारं आपल्याकडे कोणी नाही. खुर्ची साइडलाइनपर्यंत जाईल अशी मैदानं मला ठाऊक आहेत. संपादकांकडे तुमचा पत्ता आहेच. मी येतो घरी, आधी त्याच्याशी बोलतो. आणि जे मित्र येत नाहीत त्यांना नावं ठेवू नका. काय बोलावं हे न सुचल्यानंही पोरं टाळतात. त्यांना माझ्याकडे पाठवा.

कोटोको खरंच मोठा क्लब आहे की घानापुरताच?
(धरमपेठ)

आफ्रिकेचा क्लब विजेता दोनदा, १९७० आणि १९८३. १९६७ मध्येही अंतिम फेरीत होता. काँगोच्या एंग्लेबेरशी, म्हणजे आजच्या माझेम्बेशी, दोन्ही सामने बरोबरीत सुटले. तिसरा सामना कॅमेरूनमध्ये याउंदेला ठरला आणि कोटोको तिथे पोहोचलाच नाही, चषक समोरच्यांना गेला. निरोप वेळेवर पोहोचवला गेला नाही, असं कुमासीत सांगतात. तीन वर्षांनी त्याच संघाशी पुन्हा अंतिम फेरी पडली. घरी १-१ झालं आणि किन्शासात जाऊन कोटोकोनं २-१ असा सामना जिंकला. गोलमध्ये टोपी घालून खेळणारा रॉबर्ट मेन्सा होता. १९७१ च्या नोव्हेंबरात तेमा शहरात एका भांडणात फुटक्या बाटलीचा वार होऊन तो गेला.

पण मला विचाराल तर मोठा विजय १९८३ चा. त्या वर्षी घानात दुष्काळ होता, वणव्यांनी शेतं आणि कोकोच्या बागा जाळल्या होत्या, आणि नायजेरियानं हाकलून दिलेले लाखो घानावासी वर्षाच्या सुरुवातीला घरी परतले होते. लोकांच्या गळ्याची हाडं वर आली होती. अशा वर्षाच्या डिसेंबरात कैरोचा अल अहली कुमासीत आला. आदल्याच वर्षी त्यानं कोटोकोला अंतिम फेरीत हरवलं होतं. कैरोत ०-० झालं होतं, कुमासीत ओपोकू एन्तीनं गोल केला, १-०. उपाशी गावानं आफ्रिकेचा चषक घरी ठेवून घेतला.

टीव्हीवर घानाचे लोक रंगीत पट्ट्यांचं वस्त्र खांद्यावरून घेतलेले दिसतात. ते हातमागाचं आहे का?
(एक विणकर, उमरेड)

हो दादा, हातमागाचंच. केंटे. कुमासीजवळ बोनविरे गाव आहे, तिथली ही कला. माग इतका अरुंद, की चारेक इंच रुंदीची लांब पट्टी विणून निघते. अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून अख्खं वस्त्र होतं. विणतात बहुतेक पुरुष. २०२४ मध्ये युनेस्कोनं या कलेची नोंद घेतली. तुमच्या करवतकाठी साडीच्या दातऱ्यांसारखे कोन त्यातही सापडतील. कुमासीला समुद्र नाही, नागपूरसारखंच ते आतलं, व्यापाराचं गाव. केजेतियाचा तिथला बाजार पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जातो, आणि सुआमेच्या वस्तीत हजारो गॅरेजं, जुन्या गाड्यांचा प्रत्येक पार्ट नव्यानं घडवणारी.

आमच्या मंडळाची तिकीट स्पर्धा आहे. फुकटे घुसतात म्हणून मॅच सुरू झाल्यावर तिन्ही गेटांना कुलूप लावायचं ठरलंय. रेफ्री म्हणून तुमचं मत?
(एक आयोजक, हिंगणा रोड)

भाऊ, लावू नका.

९ मे २००१, अक्रा. हार्ट्स ऑफ ओक विरुद्ध कोटोको, घानातलं जुनं वैर. कोटोको पुढे होता, शेवटच्या मिनिटांत हार्ट्सनं दोन गोल करून २-१ केलं. कोटोकोच्या काही लोकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या. ते चूकच होतं. पोलिसांनी गर्दीनं भरलेल्या स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांवरून खाली धावले आणि खाली गेटांना कुलपं होती. १२६ माणसं गेली, बहुतेक चेंगरून, गुदमरून. चौकशीत पोलिसांच्या अतिरेकाबरोबर बंद गेटांवरही ठपका आला. सहा पोलीस अधिकाऱ्यांवर खटला चालला, ते सुटले. त्या स्टेडियमबाहेर एक पुतळा आहे: एक प्रेक्षक दुसऱ्याला उचलून नेतोय. खाली लिहिलंय, मी माझ्या भावाचा राखणदार आहे.

तुमच्याकडे ४० हजार लोक येणार नाहीत, मान्य. पण टिनाच्या पत्र्याचं कुंपण, एक बोळ आणि कुलूप एवढ्यात पाचशे माणसंही चेंगरतात. मी काय करायचो ते लिहितो. शिटी वाजवण्याआधी प्रत्येक गेटवर जायचो, ते उघडतं का स्वतः ढकलून पाहायचो. गेटवर माणूस बसवा, कुलूप नको. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. बोळात मोटारसायकली लावू देऊ नका. ॲम्ब्युलन्स आत येऊन वळेल इतकी जागा सोडा. दोन-चारशे रुपयांची तिकिटं बुडतील, बुडू द्या.

स्पर्धेत शिटी वाजवायला बोलावलंत, त्याबद्दल आभार. गुडघे आता धावू देत नाहीत, पण फायनलच्या दिवशी तासभर आधी येईन. तिन्ही गेटं तुम्ही माझ्यासमोर उघडून दाखवा, मग मॅच सुरू करू.