दिवाळीच्या सुट्टीत मुलगा वसतिगृहातल्या तीन मित्रांना घेऊन येणार आहे. चार दिवसांच्या जेवणाची तयारी कशी करावी?

पहिल्याच दिवशी श्रीखंड-पुरीचा बेत आखू नये, असे मी अनुभवाने सांगेन. महिनोन्‌महिने मेसमध्ये जेवलेल्या आणि रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलांना त्या वेळी गरम वरणभात, तूप, लिंबाची फोड आणि बटाट्याची भाजी एवढेच हवे असते. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका मुलाने मऊ भातात मेतकूट आणि तूप कालवून तीनदा वाढून घेतले आणि मगच तो बोलायला लागला.

मित्र परप्रांतातले असतील, तर शेंगदाणा चालतो का, हे मुलाकडून आधीच विचारून घ्यावे. आपल्या भाज्यांत, कोशिंबिरींत आणि साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असतेच आणि काहींना त्याचा गंभीर त्रास होऊ शकतो.

या वयातली चार मुले एका जेवणात वीस-पंचवीस पोळ्या सहज संपवतात, म्हणून पाऊण किलो कणीक धरावी. फराळाचे डबे हाताशी ठेवावेत, कारण परक्या घरात मागून खायला मुलांना संकोच वाटतो. ती उशिरा उठली तरी रागावू नये. पोह्यांची तयारी ठेवावी आणि फोडणी मात्र ती उठल्यावरच घालावी.

निघताना प्रत्येकाला चकली आणि बेसनाच्या लाडवांचा वेगळा डबा द्यावा, शिवाय गाडीत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी बांधून द्यावी.